'काकारॉट' खेळायला बसण्याआधी

'ड्रॅगन बॉल झी: काकारॉट' सुरू केल्यावर पहिल्या तासाभरात पडद्यावर इतकं काही येऊन आदळतं, की नवा माणूस भांबावतोच. हवेत तरंगणारे लाल, निळे, हिरवे गोळे, खुणांनी भरलेला नकाशा, कम्युनिटी बोर्ड नावाचं प्रकरण, शिकार, मासेमारी, स्वयंपाकाचं साहित्य, सरावाची मैदानं आणि उडता उडता मध्येच अंगावर येणारे यंत्रमानव. त्यात हा अ‍ॅक्शन आरपीजी आहे. म्हणजे लढताना बोटांची चपळाई हवी आणि लढाईबाहेर पात्राची ताकद वाढवण्याचा हिशेबही जमायला हवा. ज्यांनी आजवर फक्त क्रिकेटचे, गाड्यांचे किंवा बंदुकांचे गेम खेळलेत, त्यांना हे सगळं एकदम अंगावर आल्यासारखं वाटतं आणि बरेच जण राडित्झ या खलनायकाशी होणाऱ्या पहिल्या मोठ्या लढाईनंतर हात टेकतात. तसं होऊ नये म्हणून हा लेख.

मला सांगायचंय ते थोडक्यात असं. दिसेल ते गोळा करत सुटू नका, कथेला पुढे जाऊ द्या, आणि दोन मोठ्या लढायांच्या मधला वेळ जेवण, मासे आणि छोट्या कथांमध्ये घालवा. या गेममध्ये ताकद तिथूनही वाढते.

आधी गेमची ओळख. जपानमधल्या फुकुओका शहरातल्या सायबरकनेक्ट२ या स्टुडिओनं तो बनवला आणि बंदाई नामकोनं जानेवारी २०२० मध्ये बाजारात आणला. नारुतोवरची 'अल्टिमेट निन्जा स्टॉर्म' ही गाजलेली मालिका याच स्टुडिओची. अ‍ॅनिमेमधला प्रसंग गेममध्ये उतरवण्यात या मंडळींचा हात बसलेला आहे आणि 'काकारॉट'मधल्या मोठ्या लढायांचे प्रसंग बघताना ते जाणवतं. मूळ कथा अकिरा तोरियामा यांची. त्यांची 'ड्रॅगन बॉल' ही मांगा १९८४ ते १९९५ या काळात 'शोनेन जंप' साप्ताहिकात चालली. तिच्या उत्तरार्धावरची 'ड्रॅगन बॉल झी' ही अ‍ॅनिमे मालिका १९८९ ते १९९६ मध्ये आली. तिचे २९१ भाग आहेत. गेम हाच भाग सांगतो. राडित्झ पृथ्वीवर उतरतो तिथपासून फ्रीझा, सेल आणि शेवटी माजिन बू. १ मार्च २०२४ ला तोरियामा गेले. त्यांची माणसं, त्यांची गोल गोल घरं, डायनासोर आणि उडत्या गाड्या एकाच गावात नांदवणारं त्यांचं जग, या सगळ्यात हिंडून यायचं असेल तर या गेमइतकी चांगली वाट मला माहीत नाही.

आपल्याकडे अनेकांनी ही मालिका शाळेतून आल्यावर कार्टून नेटवर्कवर पाहिली, पण तुकड्यातुकड्यानं. कुठले भाग चुकले, कुठली लढाई शेवटाला गेली की नाही हे कळलंच नाही. अशांसाठी तर हा गेम फार सोयीचा आहे, कारण कथा सलग पुढे जाते. मालिका अजिबात पाहिली नसेल तरी अडत नाही. फक्त कथेचे प्रसंग बटण दाबून पुढे ढकलू नका. गेम काही ठिकाणी घाईनं पुढे सरकतो, त्यात आपणही घाई केली तर नामेक ग्रहावर कोण कोणाच्या बाजूनं लढतंय हेच समजेनासं होतं. आवाज जपानी किंवा इंग्रजी निवडता येतात. मी जपानी आवाज आणि इंग्रजी अक्षरं सुचवेन, पण शाळकरी मुलांना वाचायचा वेग कमी पडत असेल तर इंग्रजी आवाज ठेवा.

विकत घेताना दोन गोष्टी बघा. हा गेम प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेंडो स्विच आणि विंडोज कॉम्प्युटर अशा सगळ्यांवर मिळतो. कॉम्प्युटरवर घेणार असाल आणि मशीन जुनं असेल तर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घ्या. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. तेव्हा पहिले दोन तास कथेसाठी न ठेवता तपासणीसाठी ठेवा: मोकळ्या मैदानात वेगानं उडून बघा, पहिली लढाई करून बघा, चित्र अडखळतंय का ते पाहा. दुसरी गोष्ट कंट्रोलरची. हा गेम कीबोर्डवर खेळता येतो, पण तो बनलाय कंट्रोलरसाठी. साधा, स्वस्तातला कंट्रोलर घेतलात तरी पहिल्या दिवसापासून फरक कळेल. आणि किमतीची घाई नको. जुना गेम आहे, वर्षातून अनेकदा सवलतीत येतो. सुरुवातीला फक्त मूळ गेम घ्या, सगळ्या डीएलसींचा, म्हणजे वेगळ्या विकत मिळणाऱ्या जादा भागांचा, गठ्ठा नको. त्याचं कारण पुढे येईल.

पालकांना एक सांगतो. हल्ली मोबाइलवर अ‍ॅनिमेच्या नावाखाली मिळणारे बहुतेक गेम फुकट असतात आणि मग आवडतं पात्र मिळावं म्हणून लॉटरीसारख्या सोडती काढायला लावतात. त्यात मुलांचा पैसा आणि जीव दोन्ही अडकतो. 'काकारॉट'मध्ये तसं काही नाही. एकदा पैसे भरले की कथेचा नायक गोकू, त्याचा मुलगा गोहान, पिकोलो, व्हेजिटा, भविष्यातला ट्रंक्स ही मंडळी कथेच्या ओघात आपोआप खेळायला मिळतात. समोर अनोळखी खेळाडू नसतो, कुणाशी स्पर्धा नसते. मला स्वतःला मुलांच्या हाती द्यायला असा गेम कितीतरी बरा वाटतो. मारामारी आहे, माणसं मरतात, हे मात्र लक्षात ठेवा. फार लहान मुलांसाठी नाही.

आता प्रत्यक्ष खेळ. सुरुवात पाओझू डोंगरावर होते, गोकूच्या घराजवळ. छोटा गोहान बरोबर आहे, सफरचंदं गोळा करायची आहेत, जेवणासाठी मासा धरायचा आहे. मासा कसा धरायचा ते बघण्यासारखं आहे. गोकू कमरेला एक खोटी शेपटी बांधतो, काठावर पाण्याकडे पाठ करून बसतो आणि शेपटीचं टोक पाण्यात सोडतो. मासा टोकाशी आला की पडद्यावर खूण येते, तेव्हा नेमकं बटण दाबायचं. मग मासा उसळून वर येतो आणि गोकू त्याला हवेतच गाठतो. मूळ 'ड्रॅगन बॉल'च्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत लहानगा गोकू स्वतःच्या खऱ्या शेपटीनं असाच मासे धरायचा. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना इथे भरून येतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एवढं करावं: ही पहिली मासेमारी नीट शिकून घ्यावी, कारण मासे पुढे सबंध गेमभर लागतात.

थोड्या वेळानं उडायला मिळतं आणि तिथेच पहिला मोह उभा राहतो. आकाशात रंगीत गोळे ओळीनं मांडलेले असतात. त्यांना झेड-ऑर्ब म्हणतात. त्यांतून उडत गेलात की ते तुमच्या खात्यात जमा होतात आणि पात्राची नवी स्किल्स उघडायला किंवा आहेत ती वाढवायला खर्च होतात. नवा खेळाडू दिसेल ती ओळ गाठत सुटतो. डावीकडे हिरवी रांग, उजवीकडे निळी, तासभर गेला तरी कथा तिथेच. याची गरज नाही. ज्या दिशेनं कथेची खूण आहे त्या दिशेनं जाताना वाटेत येतील तेवढे घ्या, थोडी वाट वाकडी केलीत तरी चालेल. लढायांमधूनही ऑर्ब मिळतात. निळ्या-हिरव्या-लाल ऑर्बची टंचाई फारशी भासत नाही. इंद्रधनुषी ऑर्ब मात्र दुर्मीळ. ते दिसले तर सोडू नका.

लेव्हलचंही तसंच. दुसऱ्या आरपीजी गेममधून आलेल्या खेळाडूंना सवय असते की बॉससमोर जाण्याआधी तासन् तास छोट्या शत्रूंना मारून लेव्हल वाढवायची. इथे छोट्या शत्रूंकडून मिळणारा अनुभव अगदी किरकोळ आणि कथेतल्या लढाईतून मिळणारा भरघोस. एक मोठी लढाई जिंकली की लेव्हल उडी मारते. त्यामुळे वाटेत अडवणाऱ्या यंत्रमानवांशी एकदोनदा लढा, हात बसू द्या, आणि पुढे व्हा.

हात बसणं मात्र खरोखर महत्त्वाचं आहे. लढाईत चार गोष्टी करायच्या असतात: जवळून मारणं, लांबून ऊर्जेचे गोळे फेकणं, चुकवणं आणि थांबून ऊर्जा भरणं. नवखे पहिल्या दोनच करतात. ऊर्जेची पट्टी रिकामी होते, मग कामेहामेहासारखा मोठा वार करता येत नाही, आणि समोरचा धुऊन काढतो. म्हणून पहिल्या दहा लढायांत स्वतःला एक शिस्त लावा. शत्रू लांब फेकला गेला की त्याच्या मागे न धावता ऊर्जा भरा. तो उठून येईपर्यंत पट्टी निम्म्यावर आलेली असते. मग त्याला जवळ येऊ द्या, दोन-चार फटक्यांचा कॉम्बो द्या आणि त्याच्याच टोकाला मोठा वार जोडा. मोकळ्यावर सोडलेला कामेहामेहा बहुतेक वेळा हुकतो, कॉम्बोला जोडलेला हुकत नाही.

बॉसचं वागणं वेगळं असतं. मार खाता खाता एका क्षणी त्याच्याभोवती तेज चढतं आणि मग तुमच्या फटक्यांनी तो हलेनासा होतो. त्या वेळी हट्टानं मारत राहिलात तर नुकसान तुमचंच. मागे व्हा, बचाव धरा, त्याचा मोठा वार येऊ द्या, बाजूला उडून चुकवा, आणि तो मोकळा पडला की पुन्हा शिरा. राडित्झ हेच शिकवायला आलेला असतो. त्या लढाईत पिकोलो तुमच्या बाजूनं असतो. त्याच्या मदतीचा वार तयार झाला की लगेच वापरा, राखून ठेवू नका. पुढे व्हेजिटा महाकाय वानराचं रूप घेतो तेव्हा तर जवळ घुटमळणं महागात पडतं. तिथे लांबून ऊर्जेचे गोळे, संधी मिळताच एक मोठा वार आणि पुन्हा लांब.

मोठे वार चार बटणांवर लावून ठेवता येतात. चारही जागा भडक, प्रचंड वारांनी भरू नका. एक स्वस्त आणि झटपट वार ठेवा, एक लांब पल्ल्याचा, एक जवळचा, आणि एक तो तुमचा आवडता भलामोठा. नवे वार शिकण्यासाठी नकाशावर सरावाची मैदानं आहेत. तिथे डी-मेडल नावाची नाणी द्यावी लागतात आणि जुन्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिमांशी लढावं लागतं. ही मेडलं इकडेतिकडे जमिनीवर चमकताना दिसतात, ती उचलत चला.

रूपांतरांबद्दल एक इशारा. कायोकेन वापरलंत की मारा वाढतो पण तुमचा जीव कमी होत जातो. सुपर सायन झालात की जीव शाबूत राहतो, ऊर्जा गळत राहते. कथेतही असंच आहे, आणि गेमनं ते इमानदारीनं पाळलंय याचं मला कौतुक वाटतं. त्यामुळे लढाई सुरू होताच रूप बदलू नका. शत्रू निम्म्यावर आला की बदला आणि संपवा.

लढाईआधी औषधंही तपासा. व्हिटा-ड्रिंक नावाची पेयं जीव भरून देतात, पण ती आधीच आयटमच्या जागेवर लावलेली असावी लागतात. पिशवीत पडून असलेली बाटली लढाईत उपयोगाची नसते, आणि हे नव्यांच्या लक्षात हरल्यावरच येतं.

आता जेवण. माझ्या मते या गेमची खरी गोडी इथे आहे आणि बहुतेक जण नेमकं हेच टाळतात. शिकार केलीत, मासे धरलेत, फळं तोडलीत की साहित्य साठत जातं. रानात शेकोट्या पेटलेल्या दिसतात, तिथे एखादा पदार्थ भाजून खाता येतो. त्यानं थोडा वेळ ताकद वाढते. पण तेच साहित्य घरी गोकूच्या बायकोकडे, चीचीकडे नेलंत तर ती पूर्ण ताट वाढते. गोकू समोर मांडलेल्या वाडग्यांचा डोंगर ज्या वेगानं फस्त करतो ते एकदा बघाच. या पूर्ण जेवणाचे दोन फायदे. ठरावीक वेळापुरता मारा, बचाव किंवा जीव वाढतो, आणि शिवाय तीच गुणसंख्या थोडीशी कायमची वर जाते. ही कायमची वाढ एका जेवणात डोळ्यांत भरत नाही. पण प्रत्येक मोठ्या लढाईआधी एकदा घरी जेवून जायची सवय लावली, तर सेलपर्यंत पोचता पोचता तुमचा गोकू न जेवलेल्या गोकूपेक्षा चांगलाच दणकट झालेला असतो. म्हणून हरिण किंवा डायनासोर दिसला आणि हाताशी वेळ असला तर शिकार करा. एकाच पदार्थाचा ढीग लावण्यापेक्षा मांस, मासे, दूध, फळं असं सगळं थोडं थोडं जवळ ठेवा, कारण मोठ्या जेवणांना तीन-चार प्रकार एकत्र लागतात. नव्या पाककृती छोट्या कथांमधून मिळतात.

गोकूला आठवायचं तर त्याची भूक आठवतेच. स्टुडिओनं ती नुसती विनोदापुरती न ठेवता खेळाच्या गणितात बसवली, ही मला या गेममधली सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते.

कम्युनिटी बोर्डाला घाबरू नका. प्रत्येक पात्राचं एक पदक मिळतं, त्याला सोल एम्ब्लेम म्हणतात. वेगवेगळे गट आहेत: झेड योद्ध्यांचा गोकूच्या पुढारपणाखाली, स्वयंपाकाचा चीचीच्या, संशोधनाचा बुल्माच्या, याशिवाय सराव, देव, प्रौढ आणि साहस. ही पदकं या गटांच्या पटावर मांडायची, म्हणजे त्या गटाचे फायदे वाढतात. योद्ध्यांच्या गटानं लढाईतला जोर वाढतो, स्वयंपाकाच्या गटानं जेवणाचा परिणाम. प्रत्येक पदकावर कोणत्या गटात त्याचा किती उपयोग ते आकड्यांत दिलेलं असतं. कथेत ज्यांचं नातं आहे अशा दोघांना शेजारी शेजारी बसवलंत तर जादा गुण मिळतात. गोकूशेजारी त्याचा मित्र क्रिलिन, बापाशेजारी लेक, असं कथेच्या आठवणीवरून लावत गेलात तरी अर्धं काम होतं. भेटवस्तू मिळाल्या की त्या पदकांना द्या, साठवून ठेवू नका. सुरुवातीला योद्धे आणि स्वयंपाक हे दोनच गट भरा. बाकीचे हळूहळू.

मोठ्या अध्यायांच्या मध्ये मोकळे काळ येतात. गेममध्ये त्यांना इंटरमिशन म्हणतात. कथेची खूण पुढे बोलावत असते, पण तुम्ही थांबा. नकाशावरच्या छोट्या कथांच्या खुणा याच काळात भरभरून उगवतात आणि मुख्य कथा पुढे नेलीत की त्यांतल्या काही नाहीशा होतात. त्यांतलं काम अनेकदा साधंच असतं: अमुक आणून दे, तमुक यंत्रं फोड. तरी त्या कराव्यात, कारण त्यांत पदकं मिळतात, पाककृती मिळतात, आणि मालिकेत बाजूला पडलेली जुनी माणसं पुन्हा भेटतात. यंत्रमानवांच्या अध्यायाआधीच्या काळात गोकू आणि पिकोलो गाडी चालवण्याचं लायसन्स काढायला जातात, तो प्रसंग कुणीही चुकवू नये. जगाचे तारणहार, आणि समोर ड्रायव्हिंग स्कूलचे शिक्षक. चुकलंच काही, तर कथा संपल्यावर बुल्माचं टाइम मशीन मिळतं. त्यानं मागे जाऊन राहिलेल्या छोट्या कथा पुऱ्या करता येतात. म्हणून सगळं शंभर टक्के करण्याच्या ताणात खेळू नका.

फ्रीझाचा अध्याय संपला की ड्रॅगन बॉल शोधता येऊ लागतात. सात गोळे जमवून इच्छा पुऱ्या करणाऱ्या शेनरॉन ड्रॅगनला बोलावलंत की तो पर्याय देतो: पैसे, ऑर्ब, दुर्मीळ वस्तू, किंवा मेलेल्या एखाद्या शत्रूला परत आणणं. पैशांचा मोह टाळा, पैसे इतरत्रही मिळतात. जुना शत्रू परत आणलात तर त्याच्याशी पुन्हा लढता येतं आणि त्याचं पदक हाती लागतं. मग काही काळ गोळे गायब राहतात, तोवर कथा खेळा.

राहिला डीएलसीचा विषय. 'अ न्यू पॉवर अवेकन्स' या पहिल्या डीएलसीत व्हिस हा गुरू गोकूला शिकवतो, विनाशाचा देव बीरस याच्याशी लढता येतं आणि सुपर सायन गॉड रूप मिळतं. अडचण अशी, की हा भाग मुख्य कथा संपायच्या बराच आधी उघडतो. कुतूहलापोटी तिथे गेलात की तुमची लेव्हल झपाट्यानं वाढते, आणि मग परत मुख्य कथेत आल्यावर फ्रीझासारखा फ्रीझा चार फटक्यांत आडवा होतो. ज्या लढाईसाठी लोक वर्षानुवर्षं ही मालिका आठवतात ती अशी वाया घालवू नका. गठ्ठा आधीच घेतला असेल तर नकाशावरच्या त्या खुणेकडे बू हरेपर्यंत वळू नका. त्यानंतर आधी 'ट्रंक्स: द वॉरियर ऑफ होप' खेळा. यंत्रमानवांनी उद्ध्वस्त केलेल्या भविष्यातला मोठा गोहान आणि त्याचा कोवळा शिष्य यांची ती कथा आहे आणि सगळ्या डीएलसींमध्ये ती मला सरस वाटते. गोकूच्या वडिलांची, बार्डॉकची कथा त्यापेक्षा छोटी आहे, ती नंतर घ्या. बीरस सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही जाण्याआधी चीचीकडे जेवून जा.